सतरा अंकी एक संख्या

नेकनूरच्या श्रोत्यांपुढे आम्ही आरंभीच फळ्यावर एक संख्या लिहिली : १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. एकापासून नवापर्यंत पायऱ्या चढावयाच्या आणि तशाच उतरावयाच्या.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडून पाहावा. त्याच संख्येच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ वरचीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या बेरजा घ्या. एकंच्या घरात एकच एक्का येतो, दहंच्या घरात दोन, शतंच्या घरात तीन. मधल्या घरात नऊ, आणि तेथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात. हातचा कोठेच घ्यावा लागत नाही. चमत्कार म्हणावा तो एवढाच!

“दहा एक्के घेतले तर?” असा प्रश्न श्रोत्यांतूनच आला, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो, आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना चढताना आठाची पायरीच नाहीशी होते.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले ते आपल्याच दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली आणि त्या स्थानकाचे जुने नाव संख्यांना मिळाले. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. देवळालीच्या शाळेत त्यांनी १९६२ पर्यंत शिकविले. हा पोरखेळ आहे असे म्हणणारे गणिती तेव्हा होतेच. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाला त्यांची ओळख पटली. त्याही फार पूर्वी, नवव्या शतकात, आपल्या मराठवाड्यावर राष्ट्रकूटांचे राज्य असताना महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या वर्णिली आहे.

पण आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. हा डौल संख्येचा की तिच्या लेखनाचा? आपण दहाच्या पटीने घरे मांडतो म्हणून तो दिसतो. बाराच्या पटीने मांडली तर हीच संख्या पंधरा अंकांत मावते आणि जिना उरत नाही. तो तिचा अंगरखा म्हणावा.

अंगरख्याखाली काय आहे ते पाहू. १११११११११ चे अवयव पाडले तर ३ दोनदा, मग ३७ आणि ३३३६६७. यांचे आणखी तुकडे होत नाहीत. म्हणून आपल्या संख्येत ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. त्यावरून तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या ५ × ३ × ३, म्हणजे ४५ निघतात. हे मात्र लेखनाने बदलत नाही. एवढे खडे गोळा करून ३७ घरांत वाटा, लिहिण्याची रीत कोणतीही असो, सर्वांना सारखे मिळतील. दहा घरांत वाटू गेलात तर एक खडा उरेल.