जन्माने ‘गुन्हेगार’: शिक्का, कायदा आणि माध्यमे

साचेबंद प्रतिमा: काही व्यक्तींचे खरे वा कल्पित वर्तन संपूर्ण समूहाचा जन्मजात स्वभाव म्हणून वारंवार दाखवले जाते, तेव्हा त्या चित्रणास साचेबंद प्रतिमा म्हणतात.

वंश की जात? वांशिक भेदभावाविरुद्धच्या 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश व रंगाबरोबर ‘जन्मकूळ’ हाही भेदभावाचा आधार मानला आहे. भारताने करार स्वीकारला, मात्र जात त्यात मोडत नाही, अशी भूमिका 2001 च्या वंशवादविरोधी डर्बन परिषदेत घेतली.

कायदा: काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि त्याखाली नोंदल्या गेलेल्या कुटुंबांना सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणबंद वसाहतींत ठेवले गेले. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. या जमातींना तेव्हापासून ‘विमुक्त’ म्हणतात.

राईनपाडा, 1 जुलै 2018: मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली असताना धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या या गावी भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील 5 जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी 5 चॅटपुरताच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

वृत्तपत्रांसाठी: भारतीय प्रेस परिषदेच्या निकषांनुसार, जातीला कमीपणा येईल अशा संदर्भात व्यक्तीची जात देणे टाळावे.

तुरुंग: एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटणी घटनाबाह्य ठरवली.