बिटर पारखताना
२००९मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि इथल्या मंडळींना ताज्या एलची चटक लागली. एलचाच एक प्रकार असलेली इंग्लिश बिटर पारखायची तर मात्र बर्फगार बिअरची सवय सोडा. ती १० ते १३ अंशांवरच खुलते. पुण्याच्या एप्रिलात ग्लास टेबलावर ठेवून गप्पा मारत बसलात तर संपलंच! आधी वास: बिस्किटी माल्ट, मागून फगल्स किंवा गोल्डिंग्ज हॉप्सचा मातकट दरवळ. बुडबुडे कमी असतात, तो दोष नव्हे. मग चांगला घोट घ्या. कडवटपणा मेथीच्या भाजीसारखा मागाहून रेंगाळावा, घसा खरवडू नये. आंबूस लागली की गुण कापा. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या परीक्षणात ५०पैकी २० गुण चवीला, रूपाला अवघे ३. रास्तच आहे.