स्वादुपिंडाची सूज : रक्त पुन्हा पुन्हा का तपासतात?

इस्पितळात रोग्यांच्या भेटीस गेलो की नातेवाइकांचे एक गाऱ्हाणे आम्हांला हटकून ऐकावे लागते. "फादर, काल रगत काढलं, आज परत काढलं, उद्या आणिक काढणार म्हणतात. रोग कळलाय न्हवं? मग पैसे कशाला घालवायचे?" रोग जर स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेचा असेल, तर याचे उत्तर शेतकरी बांधवांनी नीट समजून घ्यावे. इंजेक्शनाने कळ थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी रोग्याला घरी उचलून आणणे या रोगात जिवावर बेतू शकते.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली, जेमतेम वीतभर लांबीची ग्रंथी. अन्न पचविणारे रस ती तयार करते. पित्ताशयातील खडा सरकून वाटेत अडकला, किंवा दारूचे व्यसन जुने झाले, की हे रस आतड्यात पोचण्यापूर्वीच जागे होतात आणि खुद्द ग्रंथीलाच पचवू लागतात. वरच्या पोटात असह्य कळ येते, ती पाठीकडे जाते, उलट्या थांबत नाहीत. खडा आणि दारू ही प्रमुख कारणे होत. रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १००० च्या वर गेल्यानेही हा रोग होतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांची विषबाधाही कारण ठरू शकते. म्हणून नुकतीच फवारणी केली असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगून टाकावे.

आता रक्ताकडे वळू. पहिल्या तपासणीत अमायलेज किंवा लायपेज हे आकडे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आले, आणि कळही तशीच असली, की निदान होते. हजार-दोन हजारांचा आकडा पाहून घरची मंडळी हबकतात, आणि तीन दिवसांनी तो उतरला की पेढे वाटायला निघतात. दोन्ही चूक! गवताच्या गंजीला आग लागली हे धुरावरून कळते. किती गंजी जळणार हे धुरावरून कळत नाही. अमायलेज हा तसा धूर आहे. सूज वाढत असतानाही तो काही दिवसांत आपोआप उतरतो. त्याच्या आकड्यावरून रोग सौम्य की भयंकर हे ठरत नाही.

आणि ठरवायचे तर तेच असते. शंभरातले सुमारे ऐंशी रोगी थोड्या दिवसांत बरे होऊन घरी जातात. उरलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडे, फुप्फुसे किंवा रक्ताभिसरण ढासळते, आणि ही अवस्था ४८ तासांहून अधिक टिकली तर २०१२ साली सुधारलेल्या वर्गवारीनुसार तो गंभीर आजार समजतात. पहिल्या दिवशी दोन्ही प्रकारचे रोगी शेजारशेजारच्या खाटांवर सारखेच कण्हत असतात.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये अकरा खुणांची यादी दिली. त्यांपैकी पाच दाखल होताना पाहायच्या आणि सहा पुढच्या ४८ तासांत. म्हणजे पुन्हा रक्त घेण्याची पद्धत काही आजची नव्हे. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील हजारो रोग्यांच्या नोंदींवरून पाचच खुणांची सोपी यादी निघाली : रक्तातील युरिया, शुद्धीतील फरक, ताप-नाडी-श्वास-पांढऱ्या पेशी यांतील बिघाड, साठीपुढील वय आणि फुप्फुसाभोवती पाणी. पाचांपैकी एकही नसेल तर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहून कमी असते. पाचही असल्यास ते शंभरात वीसच्या वर जाते.

युरिया म्हणताच आपल्याला खताची गोण आठवेल. पदार्थ तोच! शरीरातील प्रथिनांच्या मोडतोडीतून तो बनतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. सुजेमुळे रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर झिरपू लागले की मूत्रपिंडांना रक्त कमी पडते आणि युरिया साचतो. काही प्रयोगशाळा बी.यू.एन. लिहितात, काही नुसते ब्लड युरिया. बी.यू.एन. २० म्हणजे युरिया सुमारे ४३. तेव्हा दोन ठिकाणच्या कागदांची तुलना करताना अगोदर नाव वाचावे, नाहीतर उगाच घबराट होते. दाखल होताना बी.यू.एन. २० किंवा जास्त असणे आणि २४ तासांत तो वाढणे, ही धोक्याची खूण. उपचाराने तो उतरू लागला तर चांगले लक्षण. मूत्रपिंडाचा जुना रोगी असेल तर मात्र हा हिशेब चुकतो.

दुसरा आकडा हिमॅटोक्रिटचा, कागदावर पी.सी.व्ही. असेही लिहितात. गुऱ्हाळात कढईतले पाणी उडत गेले की रस दाट होतो, तसे पाणी झिरपून गेल्यावर रक्त दाट होते. हा आकडा ४४ च्या वर असून २४ तासांत खाली आला नाही, तर ग्रंथीचा भाग मृत होण्याची भीती अधिक. तिसरा सी.आर.पी.; यकृतात बनणारा हा पदार्थ सावकाश चढतो, म्हणून पहिल्या रात्री तो कमी आला तरी निर्धास्त होऊ नये. ४८ तासांनी तो लिटरला १५० मिलिग्रॅमच्या पुढे गेला तर डॉक्टर सावध होतात.

यांतला कोणताही आकडा एकटा भविष्य सांगत नाही. लघवी किती होते, दम लागतो काय, रोगी नीट बोलतो काय, हेही तितकेच मोलाचे, आणि ते उशाशी बसलेल्या माणसाला सर्वांआधी दिसते. लघवीचे माप लिहून ठेवावे. प्रत्येक रिपोर्टावर तारखेबरोबर रक्त घेतल्याची वेळही टिपून घ्यावी. लहान इस्पितळात या तपासण्या पुन्हा होण्याजोग्या नसतील तर मोठ्या ठिकाणी कधी हलवावे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. "आणखी सलाईन लावा" असा हट्ट मात्र नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आपल्या देशातील इस्पितळेही सहभागी असलेल्या एका अभ्यासात भरमसाट सलाईन दिलेल्यांना लाभ तर झाला नाहीच, उलट अंगात पाणी साचण्याचा त्रास अधिक झाला.

पहिल्याच रक्तात ए.एल.टी. १५० च्या वर आला असेल तर कारण बहुधा खडाच असतो. सोनोग्राफीत खडा दिसला आणि आजार सौम्य असला, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घेण्याचा सल्ला देतात. भाताची सुगी उरकल्यावर बघू म्हणून ते पुढे ढकलले, तर मधल्या आठवड्यांतच दुसरा झटका येण्याचा संभव असतो, आणि तो पहिल्यासारखा सौम्यच असेल असे नाही.