विजेटद्वारा दुवासंपादन

विजेटद्वारा दुवासंपादन : महाजालावरील एखाद्या संकेतस्थळाने स्वतः तयार केलेला लहानसा उपयुक्त घटक इतर संकेतस्थळांना विनामूल्य बसवू देणे आणि त्या घटकाबरोबर आपल्याकडे नेणारा दुवाही त्यांच्या पृष्ठांवर पोहोचविणे, या पद्धतीस ही संज्ञा आहे. अशा घटकास विजेट म्हणतात. हवामानाचा चौकोन, क्रिकेटचा धावफलक, चलनदर, कर्जाच्या हप्त्याचे गणकयंत्र, नकाशा, पंचांग, भेटींची संख्या दाखविणारा आकडा ही त्याची परिचित रूपे होत. विजेट पुरविणाऱ्या स्थळास या नोंदीत दाता व ते बसवून घेणाऱ्या स्थळास यजमान म्हटले आहे. यजमानाला आयती सोय मिळते, तर दात्याला वाचक आणि शोधयंत्रांच्या लेखी प्रतिष्ठा मिळण्याची आशा असते.

या व्यवहाराचे मूळ तत्त्व महाजालाहून पुष्कळ जुने आहे. महाराष्ट्रातील किराणा दुकानदार, सराफ, औषधविक्रेते व पतसंस्था आपल्या ग्राहकांना दिनदर्शिका भेट देत आल्या आहेत. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या कालनिर्णयने तिथी, सण, मुहूर्त यांची जोड देऊन भिंतीवरील दिनदर्शिकेचे मोल किती वाढू शकते, हे दाखवून दिले. घरातील माणसे दिनदर्शिका टांगतात ती एकादशी केव्हा आहे हे पाहण्यासाठी व दुधाचा हिशेब मांडण्यासाठी. भेट देणाऱ्या दुकानाचे नाव त्या निमित्ताने वर्षभर डोळ्यांसमोर राहते. विजेटचे स्वरूपही असेच असते. भिंतीवरील नाव मात्र केवळ माणूस वाचतो. पृष्ठावरील दुवा माणसाप्रमाणे यंत्रही वाचते. या दुसऱ्या वाचकामुळेच प्रस्तुत पद्धतीचे सर्व प्रश्न उद्भवले आहेत.

दुव्याचे मोल : स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गूगल या शोधयंत्राची रचना मांडली. एका पृष्ठाने दुसऱ्यास दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत मानावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होय. सर्व मते सारखी नसतात. ज्या पृष्ठाकडे महत्त्वाच्या पृष्ठांवरून अनेक दुवे येतात, त्याच्या मतास अधिक वजन असते. हे वजन त्या पृष्ठावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत विभागले जाते. वाचक दुव्यांवरून पुढे जात राहील याची संभाव्यता त्या निबंधात सामान्यतः ०.८५ धरली होती, उरलेल्या ०.१५ मध्ये तो कंटाळून भलत्याच पृष्ठावर नव्याने उडी घेतो, असे गृहीत होते. या गणितास ‘पेजरँक’ असे नाव आहे. दुव्याच्या मजकुरातील शब्द लक्ष्यपृष्ठाचे वर्णन म्हणून स्वीकारण्याची सोयही त्याच रचनेत होती. म्हणजे दुवा किती वजनाचा आहे आणि तो कोणत्या शब्दांवर बांधला आहे, या दोन्ही गोष्टींना किंमत आली.

ही मांडणी ज्या गृहीतकावर उभी होती, ते असे : दुवा देणाऱ्याने तो विचारपूर्वक आणि स्वेच्छेने दिलेला असतो. विजेटने नेमके हेच गृहीतक पोखरले. एका विजेटचा स्वीकार हजार यजमानांनी केला, तर एकाच मजकुराचे हजार दुवे एकाच स्थळाकडे वळतात. परंतु यजमानाने निवडलेले असते ते विजेट, दुवा नव्हे. पुष्कळदा आपल्या पृष्ठावर असा दुवा आहे, याची त्याला दादही नसते.

रचना : विजेट बसविण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत दाता एचटीएमएल या चिन्हांकन भाषेतील काही ओळी देतो व यजमान त्या आपल्या पृष्ठात चिकटवितो. दुसरीत त्या ओळी जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञावली दात्याच्या सेवासंगणकावरून प्रत्येक वेळी मागवून घेतात. तिसरीत आयफ्रेम या चौकटीतून दात्याचे पृष्ठच यजमानाच्या पृष्ठात दाखविले जाते. आयफ्रेमची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोअरर ३ या न्याहाळकात १९९६ मध्ये आली व डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या मानकात समाविष्ट झाली. चौकटीतील मजकूर तांत्रिक दृष्ट्या दात्याच्याच पृष्ठाचा भाग असतो. त्यामुळे त्यातील दुवा यजमानाचा दुवा म्हणून सामान्यतः गणला जात नाही. दुवासंपादनासाठी विजेट करणारे म्हणूनच चौकटीच्या खाली एक साधी ओळ जोडतात. ‘सौजन्य : अमुक’ अशा या एका ओळीसाठीच अनेकदा वरचे सारे विजेट घडविलेले असते.

जावास्क्रिप्टच्या पद्धतीत दाता पुढेही केव्हाही विजेटचे रूप व त्यातील दुवा बदलू शकतो. यात यजमानाची सोय आहे आणि धोकाही आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रसार व दुरुपयोग : भेटगणक हे विजेटचे एक जुने व लोकप्रिय रूप होते. फेब्रुवारी २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूट्यूबने आपली चित्रफीत कोणत्याही पृष्ठात बसविण्याची मुभा दिली. तिच्या झपाट्याने झालेल्या प्रसारात या सोयीचा वाटा मोठा होता. येथे विजेट हाच मूळ माल होता, दुव्याचे निमित्त नव्हे, आणि वाचकाला चित्रफितीच्या मूळ स्थळी जाण्याचे खरे कारण होते. याच्या उलट टोकाला असे भेटगणक होते, की ज्यांच्या आकड्याखाली विमा, कर्ज किंवा जुगार यांसारख्या असंबद्ध विषयांचे दुवे दडविलेले असत. अक्षरे पार्श्वभूमीच्याच रंगाची करणे अथवा वाचकाला न दिसतील अशा जागी ठेवणे, या त्यातील ठरीव युक्त्या होत. सौजन्याची ओळ आणि ही लपवाछपवी यांना एकाच नावाखाली गोवणे अन्यायाचे आहे. मात्र शोधयंत्राला दोहोंतील फरक ओळखणे सुरुवातीस जमले नाही, हेही खरे.

नियमन : जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ या खुणेस पाठिंबा जाहीर केला. ही खूण असलेल्या दुव्यास मत म्हणून मोजू नये, असा तिचा अर्थ. वाचकास त्यावर टिचकी मारून जाता येतेच. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने प्रायोजित दुवे व वापरकर्त्यांनी दिलेले दुवे यांसाठी दोन स्वतंत्र खुणा आणल्या आणि या सर्व खुणांस बंधनाऐवजी सूचनेचे स्थान दिले. दरम्यान २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ ही गुणांकन-सुधारणा लागू केली. कृत्रिम दुव्यांवर उभी असलेली अनेक स्थळे तिच्यामुळे शोधफलांत खाली गेली. विजेटमध्ये बसविलेले, शोधशब्दांनी भरलेले वा लपविलेले दुवे नियमबाह्य समजले जातील, हे गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टपणे नमूद आहे व सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचे पुन्हा स्मरण देण्यात आले.

शिक्षा किती त्वरित होऊ शकते, हे गीतांचे शब्द व त्यांवरील टीपा प्रसिद्ध करणाऱ्या रॅप जीनियस या अमेरिकन स्थळाच्या उदाहरणावरून दिसते. या स्थळाने इतरांना गीतांकडे नेणाऱ्या दुव्यांचा तयार संच आपल्या पृष्ठात चिकटविण्यास सांगून त्या बदल्यात प्रसिद्धी देऊ केली होती. हा संच काटेकोर अर्थाने विजेट नव्हे, पण व्यवहार त्याच जातीचा होता. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस हे स्थळ गूगलच्या शोधफलांत एकदम मागे टाकले गेले व दुवे काढून टाकल्यावर जानेवारी २०१४ च्या आरंभी परत आले. मोठ्या कंपनीला इतक्या लवकर सावरता येते. तालुक्याच्या गावातील एखाद्या व्यावसायिकाच्या स्थळाला तितके मनुष्यबळ नसते.

मराठी संदर्भ : मराठी महाजालावर जोडघटकांचा खरा उपयोग देवनागरी टंकलेखनाच्या गरजेतून झाला. रोमन कळफलकावर उच्चारानुसार टंकून देवनागरी अक्षरे उमटविणारी ‘गमभन’ ही सुविधा संकेतस्थळांत जोडता येत असे व मिसळपावसारख्या मराठी स्थळांवर ती वापरली गेली. तिचे मोल तिच्या उपयोगातच होते. ज्या गरजेला बाजारात दुसरा सोपा उपाय नाही, ती भागविणारे विजेट आपोआप पसरते व त्याच्या कर्त्याचे नाव लोक आपण होऊन घेतात. गूगलला अभिप्रेत असलेले ‘मत’ ते हेच.

ग्रामीण भागासाठी ही पद्धती कशी योजता येईल, हे समजण्यास नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातील सारंगखेड्याचे उदाहरण सोयीचे आहे. तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताचे मंदिर असून दत्तजयंतीपासून तेथे यात्रा भरते; तिच्यातील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेशी निगडित असल्याने यात्रेचा इंग्रजी दिनांक दरवर्षी सरकतो. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला व २०२५ मध्ये ४ डिसेंबरला आली. दूरवरच्या अश्वव्यापाऱ्याला व यात्रेकरूला हा दिनांक आधी कळणे महत्त्वाचे असते. समजा, यात्रेची माहिती देणाऱ्या एखाद्या स्थळाने येत्या यात्रेचा दिनांक, उरलेले दिवस आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार व दोंडाईचा या स्थानकांवरून येण्याचा मार्ग दाखविणारे विजेट तयार केले. शहाद्यातील निवासगृहे, खोगीर व लगाम विकणारे, प्रवासवर्णने लिहिणारे ते आनंदाने बसवतील. त्याखाली ‘सारंगखेडा यात्रेची माहिती’ असा नोफॉलो खुणेचा उघड दुवा असल्यास आक्षेपाचे कारण नाही. शोधयंत्राच्या लेखी त्याचे वजन बहुधा शून्य राहील; पण त्यावरून येणारा वाचक यात्रेलाच निघालेला असेल. त्यातील एखाद्याने पुढे आपल्या लेखात स्वतःच्या शब्दांत त्या स्थळाचा दुवा दिला, तर तो खुणेविना मोजला जाईल. विजेटपासून मिळणारे टिकाऊ दुवे असे आडवाटेने येतात.

याच विजेटखाली ‘घोडे विकत घ्या, स्वस्त दर’ अशी एकच ठरावीक ओळ शंभर पृष्ठांवर उमटविली, तर ती कृत्रिम ठरेल. दिनांक बदलण्याची तरतूद न ठेवल्यास हानी वेगळीच : मागील वर्षीचा दिनांक शंभर ठिकाणी तसाच राहतो आणि कोणी घोडे घेऊन बारा दिवस उशिरा पोहोचतो. पंचांगाशी बांधलेले विजेट दरवर्षी तपासावे लागते, ही साधी बाब योजना करताना सहसा विसरली जाते.

यजमानाची जोखीम : दात्याची चर्चा पुष्कळ होते, यजमानाची फारशी होत नाही. परक्या सेवासंगणकावरून येणारी आज्ञावली आपल्या पृष्ठात चालू देणे म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याकडे ठेवणे होय. अपंग वाचकांसाठी पृष्ठे मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या ब्राउझअलाउड या ब्रिटिश घटकात फेब्रुवारी २०१८ मध्ये कोणी फेरफार केला, तेव्हा त्याच्या चार हजारांहून अधिक यजमान स्थळांवरील वाचकांचे संगणक नकळत आभासी चलन निर्माण करण्याच्या कामास जुंपले गेले. त्यांत शासकीय स्थळेही होती. वर्डप्रेसवरील डिस्प्ले विजेट्स हा सु. दोन लाख स्थळांवर असलेला जोडघटक २०१७ मध्ये विकला गेला व नव्या मालकाच्या हाती त्यातून यजमानांच्या पृष्ठांत परका जाहिरातवजा मजकूर घुसविला जाऊ लागला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो अधिकृत संग्रहातून काढण्यात आला. विजेट निवडताना पाहिलेला मालक पुढेही तोच राहील, याची शाश्वती नसते.

कायद्याची बाजूही आहे. एका जर्मन वस्त्रविक्रेत्याच्या पृष्ठावरील फेसबुकच्या ‘लाइक’ बटनासंबंधी निकाल देताना युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी असे ठरविले, की वाचकाची माहिती गोळा करून फेसबुककडे पाठविण्याच्या क्रियेपुरता बटन बसविणारा विक्रेताही संयुक्तपणे जबाबदार ठरतो. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

जुने दुवे दुरुस्त करणे : विजेट जावास्क्रिप्टवर आधारलेले असल्यास दात्याला सर्व ठिकाणच्या दुव्यांस एका फेरफाराने नोफॉलो खूण लावता येते. ओळी थेट चिकटविलेल्या असल्यास मात्र प्रत्येक यजमानास पत्र लिहून त्या बदलवून घ्याव्या लागतात व यजमान अनेकदा उत्तर देत नाहीत. अशा दुव्यांसाठी गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये एक साधन उपलब्ध केले. त्यात नको असलेल्या दुव्यांची यादी साध्या मजकुराच्या धारिकेत भरून पाठविल्यास ते दुवे त्या स्थळाच्या खाती धरू नयेत, अशी विनंती नोंदविली जाते. यजमानाच्या पृष्ठावरील मूळ दुवा त्याने पुसला जात नाही.