भिंतीला बदामी की आकाशी?

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, भिंती वाळू लागतात आणि मुंबईच्या उपनगरांत घरोघरी रंगकामाचा विषय निघतो. बदामी द्यावा की फिकट आकाशी? शेडकार्डावर दोन्ही छान दिसतात. खोलीभर लावल्यावर मात्र रंग ‘जास्तच चढला’ असे वाटते. दुकानदाराने फसवले का? बहुधा नाही. कारण प्रकाशात शोधावे लागते.

समजा, बदामी भिंत तांबड्या प्रकाशापैकी ८० टक्के आणि निळ्यापैकी ६० टक्के परावर्तित करते. शेडकार्डावरून प्रकाश एकदाच परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. खोलीत तो एका भिंतीवरून दुसरीवर, तेथून तिसरीवर जातो. तीन परावर्तनांनंतर तांबडा सुमारे ५१ टक्के उरतो, निळा केवळ २२ टक्के. म्हणून फिकी छटा गडद भासते. आकाशी भिंतीत हेच गणित उलट चालते.

दुसरा भाग दिव्याचा. तारेच्या बल्बचे वर्ण-तापमान सुमारे २७०० केल्विन असते. पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांचे ६५०० केल्विनपर्यंत. गंमत अशी, की आकडा वाढतो तसा प्रकाश निळसर होतो आणि आपण त्यालाच ‘थंड’ म्हणतो!

घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये दोन इमारतींच्या फटीत खिडकी उघडणाऱ्या तळमजल्याच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथे ६५०० केल्विनचा दिवा आणि आकाशी भिंत एकत्र आल्यास चेहरे निस्तेज दिसतात. फिकट बदामी बरा. अंधेरी-बोरिवलीत पश्चिमेची खिडकी मोकळी असेल, तर संध्याकाळच्या तांबूस उन्हात बदामी पिवळाजर्द दिसतो; तेथे आकाशी शोभतो. मात्र आतल्या आकाशी रंगाने खोली गार होत नाही. भिंतीवरचा तापमापक जवळपास तेच तापमान दाखवील. अंधाऱ्या खोलीत मुले अभ्यासाला बसत असतील, तर छटा कोणतीही असो, ती फिकीच हवी. फिकी भिंत दिव्याचा अधिक प्रकाश वहीपर्यंत पोचवते.

वर्गात हे करून पाहा. बुटांची दोन खोकी व त्यांची झाकणे आतून एकात बदामी, दुसऱ्यात आकाशी कागदाने मढवा. प्रत्येकाला प्रकाशासाठी लहान खिडकी आणि डोळ्यासाठी एक भोक ठेवा. त्याच कागदाचा तुकडा बाहेर ठेवून आतल्या छटेशी ताडून पाहा. एकदा उन्हात, एकदा दिव्याखाली. निरीक्षणे विद्यार्थ्यांनाच लिहू द्या. घरचा रंग निवडताना शेडकार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा का घ्यावी, हे ते आपणहून सांगतील.