लोखंडाचा गंज आणि घरचा इलाज

मृग लागायला आठ दिवस उरले होते. संग्रामपूर तालुक्यातले एक घर. सूनबाईने सपरीच्या कोपऱ्यातून खुरपी, विळे बाहेर काढले. पाहते तर सगळे तांबडे लाल! नांगराचा पाना होता, तोही गंजलेला.

"मामाजी, हे खुरपं तं गेलं कामातून. फेकून देऊ काय?"

सासऱ्यांनी खुरपे हातात घेतले. नखाने थोडे खरवडून पाहिले.

"कायले फेकतं वं पोरी? वरचं गेलं. आतलं लोखंड शाबूत हाये."

सासऱ्यांचे म्हणणे खरे होते. गंज वरवरचा असेल तर हत्यार वाचते. पण गंजाला तसेच राहू दिले तर तो आत आत शिरतो. मग एक दिवस विळ्याचे पाते मोडते. ऐन पेरणीत वखराचा नट निघत नाही. बोथट खुरप्याने निंदणाऱ्या बाईचा हात दुखतो आणि ओळ मागे राहते. नुकसान आपलेच.

गंज का चढतो?

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही एकदम लागले, की गंज चढतो. हवेत प्राणवायू असतो. तो ओल्या लोखंडाशी मिळतो आणि लोखंडाची तांबडी भुकटी होते. ही भुकटी म्हणजेच गंज. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो. म्हणूनच गंजलेला नट घट्ट अडकून बसतो. पापुद्रा गळाला की खालचे नवे लोखंड उघडे पडते. त्यालाही गंज चढतो.

पाण्यात मीठ असेल तर गंज फार लवकर चढतो. आपल्या भागाला हे नीट समजून घेतले पाहिजे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर तालुक्यातली पुष्कळ गावे त्यात येतात. तिथल्या विहिरीचे पाणी खारे. त्या पाण्याने धुतलेले हत्यार तसेच ठेवले, तर पाणी वाळते, पण क्षार लोखंडावरच राहतात. हवेत जराशी ओल आली की ते क्षार ती ओढून घेतात आणि गंज सुरू होतो.

खात्री करायची आहे? तीन नवे खिळे घ्या. एक खिळा कोरड्या डबीत ठेवा, झाकण लावा. दुसरा खिळा उकळून निववलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि वर तेलाचा थर द्या. तिसरा खिळा खाऱ्या पाण्यात अर्धा बुडवा. चार-पाच दिवसांनी पाहा. पहिल्याला पाणी मिळाले नाही. दुसऱ्याला हवा मिळाली नाही. तांबडा होईल तो तिसराच.

गंज काढायचा कसा?

गंज थोडा असेल तर विटेची बारीक पूड घ्या. त्यात थोडे तेल घाला. चिंधीने किंवा नारळाच्या शेंडीने घासा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश असेल तर काम लवकर होते. घासताना हात धारेकडे नेऊ नका. पाठीकडून धारेच्या बाहेर घासा.

गंज जाड असेल तर चिंच कामाला येते. आंबट पदार्थ गंज विरघळवतो.

१. मूठभर चिंच एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी कोळून घ्या.
२. कोळ मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ओता. पितळ, तांबे, ॲल्युमिनियमचे भांडे नको.
३. हत्याराचे लोखंड त्यात बुडवा. लाकडी मूठ बाहेर ठेवा.
४. तीन-चार तासांनी काढून घासून पाहा. गंज राहिला तर परत बुडवा. पण एका रात्रीपेक्षा जास्त नको. आंबट पाणी गंज संपला की चांगले लोखंडही खाते.
५. गोड्या पाण्याने धुवा. पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून आणखी एकदा धुवा, म्हणजे आंबटपणा मरतो. शेवटी परत गोडे पाणी. पावसाचे किंवा नळाचे चालेल, खारे नको.
६. लगेच पुसा. उन्हात चांगले तापू द्या. मग तेल लावा. ओले ठेवले तर तासाभरात पुन्हा तांबडे होते.

जस्त चढवलेल्या वस्तूला चिंच लावू नका. आंबटाने जस्तच निघून जाते. संडास धुवायचे ॲसिडही वापरू नका. त्याने हातडोळे भाजतात, आणि त्याच्या वाफेने जवळच्या इतर हत्यारांना गंज चढतो. काही जण गंज जाळायला पाते चुलीत लाल करतात. तसे केले की लोहाराने दिलेले पाणी उतरते. मग धार टिकत नाही.

नट अडकला असेल तर त्यावर रॉकेल नाहीतर डिझेल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी चारी बाजूंनी हलके ठोका. पाना लावून थोडे पुढे, थोडे मागे फिरवा. एकदम जोर केला तर बोल्ट तुटतो. हे काम चुलीपासून, विडीपासून दूर करा.

पुन्हा गंज चढू नये म्हणून

दिल्लीला मेहरौलीत एक लोहस्तंभ आहे. सुमारे १६०० वर्षे तो ऊनपावसात उभा आहे. तरी तो गंजून पडला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्यावर एक पातळ थर बसला. तो थर लोखंडाला राखतो. आपल्या विळ्याला तसा थर आपोआप बसत नाही. तो आपण द्यायचा, तेलाचा.

आपल्याकडे जवस होतो. जवसाचे तेल वाळले की त्याचा पापुद्रा बनतो. ते पातळ लावा आणि हत्यार तीन-चार दिवस टांगून ठेवा. लाकडी मुठीलाही ते चांगले. पण कात्री, अडकित्ता यांच्या सांध्याला जवस नको, सांधा चिकटतो. तिथे मशीनचे तेल घाला. घरातल्या विळीला खाण्याचेच तेल लावा.

एक सावधगिरी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. ढिगात त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर, पसरून वाळवा.

हत्यारे जमिनीवर टाकू नका. भिंतीला टांगा. खताच्या पोत्याजवळ तर मुळीच नको. खतातही क्षार असतात.

जखम झाली तर

गंजलेले हत्यार लागले की लोक म्हणतात, गंजाने धनुर्वात होतो. तसे नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. हत्यार चकचकीत असले तरी मातीचे असेल तर धोका आहेच. जखम साबणाने, स्वच्छ पाण्याने धुवा. त्यावर माती, शेण, हळद भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि इंजेक्शन लागते का ते विचारा.

आता त्या घरी परत जाऊ. सूनबाईने खुरपे चिंचेत घातले, घासले, धुतले, तापवले. सासऱ्यांनी दगडावर धार लावून दिली. पाच खुरप्यांपैकी चार कामाची निघाली. एकाला आरपार भोके पडली होती, ते मोडीत गेले.

"गेल्या वर्षी थोडं तेल लावलं असतं," सासरे म्हणाले, "तं हेबी वाचलं असतं."

मंडळी, गंज काढायला दिवस लागतो. तेल लावायला घटकाही लागत नाही.