सूक्ष्मप्रक्रियक संच : संगणक घडविण्यातून संगणक समजण्याकडे

प्रस्तावना

जानेवारी १९७५ च्या अंकात अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाने ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाची माहिती मुखपृष्ठावर प्रसिद्ध केली. सुटे भाग मागवून हा संगणक घरी जोडता येत असे. त्यात इंटेल कंपनीचा ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक व मूळ स्वरूपात केवळ २५६ बाइट स्मृती होती. आज्ञा खटक्यांनी भरावयाच्या आणि उत्तर दिव्यांवर वाचावयाचे, अशी त्याची रीत होती. भारतात आयातीवरील निर्बंध १९८४ च्या संगणक धोरणाने शिथिल होईपर्यंत घरी संगणक असणे दुर्मीळच होते. येथील विद्यार्थ्याला व हौशी अभ्यासकाला संगणकाच्या अंतरंगाची ओळख झाली ती मुख्यतः ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकावरील संचामुळे. या संचाची रचना, त्यावरील आज्ञावली-लेखन आणि त्याचे शैक्षणिक मोल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संचाची जडणघडण

इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या ८०८५ ला ५ व्होल्टचा एकच विद्युतपुरवठा पुरतो. ८०८० ला तीन वेगवेगळे पुरवठे लागत. हौशी अभ्यासकाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. या प्रक्रियकाच्या आठ पिनांवरून पत्त्याचा खालचा अर्धा भाग व विदा आळीपाळीने वाहतात. त्यांची फारकत करण्यासाठी लॅच, कायम आज्ञावलीसाठी ईप्रॉम, तात्पुरत्या नोंदींसाठी रॅम आणि कळफलक व अंकदर्शक यांसाठी जोडमंडल एवढ्या सामग्रीवर पूर्ण संगणक उभा राहतो. मुंबईत हे भाग मिळण्याचे ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्थानकानजीकचा लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मार्गदर्शनासाठी दिल्लीचे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ आणि १९८० च्या दशकात मुंबईहून निघणारे ‘एलेक्टर इंडिया’ ही मासिके होती. पुढे रमेश गावकर यांचा ८०८५ वरील इंग्रजी ग्रंथ भारतीय महाविद्यालयांत सर्वत्र पोहोचला.

आज्ञावली-लेखन

दोन संख्यांची बेरीज करण्याची आज्ञावली षोडशमान पद्धतीत अशी होते : ३ई २५, ०६ १७, ८०, ३२ ५० २०, ७६. पहिल्या दोन आज्ञा ‘ए’ व ‘बी’ या नोंदकांत संख्या भरतात, तिसरी बेरीज करते, चौथी उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवते आणि पाचवी प्रक्रियकाला थांबविते. उत्तर ३सी, म्हणजे दशमान पद्धतीत ३७ अधिक २३ बरोबर ६०. चौथ्या आज्ञेत पत्त्याचा खालचा भाग आधी लिहिला जातो, हेही येथे दिसते. हे नऊ बाइट कागदावर कोष्टक पाहून तयार करावे लागत व कळफलकावरून एकेक भरावे लागत. मध्येच एखादी आज्ञा घालावयाची झाल्यास पुढचे सर्व पत्ते सरकत. म्हणून जाणते विद्यार्थी मधूनमधून ‘काही करू नये’ या अर्थाची ०० ही आज्ञा राखून ठेवीत. वीज गेली की रॅममधील सारे पुसले जाई आणि वहीवरून पुन्हा आरंभ करावा लागे.

शैक्षणिक मोल

अनेक प्रयोगशाळांत संचाची जागा सिम्युलेटरने घेतली आहे. त्यात वेळ व खर्च वाचतो, नोंदकांतील बदलही स्पष्ट दिसतात. तथापि सिम्युलेटरमधील मंडल नेहमीच निर्दोष असते. प्रत्यक्ष संचावर उत्तर चुकले, तर दोष आज्ञावलीत आहे, कच्च्या डागकामात आहे की विद्युतपुरवठ्यात, हे विद्यार्थ्याला तर्काने शोधावे लागते. वसई पूर्वेकडील गोखिवरे, वालीव या औद्योगिक पट्ट्यात काम करू पाहणाऱ्या पदवीधराला नेमकी हीच दृष्टी हवी असते. तापमान राखणारे किंवा नग मोजणारे नियंत्रक मंडल बंद पडल्यावर बिघाड तारेत आहे की आज्ञावलीत, हे त्याला कोणताही पडदा सांगत नाही.

समारोप

८०८५ हा व्यवहारात कालबाह्य झाला आहे. त्याचे आज्ञासंच पाठ करून घेण्यात फारसे हशील नाही. परंतु स्वतः जोडलेल्या मंडलात स्वतः लिहिलेले नऊ बाइट चालताना पाहणे हा अनुभव कालबाह्य झालेला नाही. म्हणून अभ्यासक्रमात सिम्युलेटरसोबत एक तरी संच विद्यार्थ्यांनी स्वहस्ते जोडावा आणि गुणदान करताना उत्तराइतकेच महत्त्व दोषशोधनाच्या नोंदींना द्यावे, हे उचित ठरेल.